नजरेची पारख

रावसाहेब खर्डेकरांची हौस मोठी, पण हात आखडता. बंगल्यापुढच्या अंगणात त्यांना दगडासारखे ठसे उमटवलेलं काँक्रीट हवं होतं, तेही अर्ध्या भावात.

"नकली दगडाला एवढे पैसे? मी दगड नुसत्या नजरेनं ओळखतो!"

गवंडीकाम करणाऱ्या शेवंताबाईंनी दोन तुकडे पुढे ठेवले. "यातला नकली दाखवा, अर्ध्या भावात करते. चुकलात तर माझाच भाव."

रावसाहेबांनी दोन्हींवर काठी वाजवली आणि एक तुकडा पायानं ढकलला. "हा नकली! असलं भिकार माझ्या दारात शोभेल?"

"साहेब, काल तुम्हीच फोडायला लावलेल्या जुन्या पायरीचा दगड आहे तो," शेवंताबाई म्हणाल्या. "तीस वर्षं तुमच्या दारातच शोभला की!"