मेस्तांचं बाकडं

फार वर्षांपूर्वी, माडबंदरला जायला होडीशिवाय वाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तिथं बाबल मेस्त नावाचा सुतार होता. उभ्या गावाची वल्ही, नांगर, पाळणे तोच करायचा, तेही जमिनीवर उकिडवं बसून. पुढं गुडघे गेले. उभ्यानं काम करायला बाकडं हवं, आणि बाकड्यापुरतं लाकूड काही मिळेना.

किनाऱ्यावर मात्र लाकूड पडलेलं होतं. सात माणसांना घेऊन गेलेली होडी एकटीच परत आली होती, फुटून. तिच्या फळ्यांना कुणी चुलीसाठीही हात लावत नव्हतं. दर्यानं परत केलेलं लाकूड घरात आणायचं नाही, ही गावची रीत. बाबलनं ते आणलं.

त्याची बायको भामी दारात आडवी उभी राहिली. "तां घरात हाडू नको. दर्यान दिल्ला तो परत मागता."

"फुकटचो सागवान आसा गो," बाबल म्हणाला. "ह्येका कित्याक भियाचा?"

त्यानं पडवीत बाकडं उभं केलं. चार जाड पाय, खाली थोडे फाकलेले. खिळा एकही नाही; एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर पाचरी ठोकल्या. घण घातला तरी बाकडं हललं नाही. बाबल इतका खूश झाला की त्या दिवशी त्यावरच बसून जेवला.

आठव्या दिवशी, लख्ख उन्हात, बाकड्यावर सात ओले डाग उठले. बाबलनं बोट लावून चाखलं. खारट लागलं. त्याच संध्याकाळी वादळ झालं आणि एक होडी बुडाली. महिन्यानं पुन्हा डाग उठले, पुन्हा होडी गेली. बाकडं माणसं मागतं, असं लोक म्हणू लागले. बाबलला हसू येईना.

तिसऱ्या खेपेला भामीनं सकाळीच डाग पाहिले आणि बोंब मारली. होड्या पाण्यात ढकलणारी बावीस माणसं तशीच मागं फिरली आणि माडाच्या झावळ्यांच्या पेटत्या चुडत्या घेऊन बाकडं जाळायला आली. बाबल बाजूला झाला. जाळा म्हणाला. पण ओलं लाकूड पेटेना, नुसतं चरचरायचं. त्यातच दुपार झाली. मग आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की रिकाम्या होड्या माडांवर जाऊन आदळल्या. बावीस जण एकमेकांकडं बघत राहिले. एरवी त्या घटकेला ते सगळे खोल पाण्यात असते.

भामी हळू आवाजात म्हणाली, "ह्यां मागणा नाय. सांगता."

मग दर्या वर आला. पडवी गेली, मागोमाग घर गेलं, बाकडं तेवढं उभं राहिलं. बावीस माणसं आणि भामी त्या एका बाकड्यावर कशी मावली ते मला विचारू नका. भीतीनं माणूस बारीक होतो. एका पायाची पाचर सैल झाली, तेव्हा बाबल पाण्याखाली गेला आणि ती हातानं दाबून बसला, असं म्हणतात. पाणी ओसरलं तेव्हा पाचर घट्ट होती. बाबल नव्हता.

बाकडं अजून बंदरावर आहे. होडी ढकलण्यापूर्वी तिचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, त्यावर तळवा ठेवतो. कोरडं असलं तर पाचरीवर हातोडीचा एक ठोका घालतो आणि म्हणतो, "मेस्तांनो, धरून रवा." ओलं असलं तर कुणी दर्यावर जात नाही. डाग कुणी मोजत नाही. ते आता आठ असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.