इरोधाचा पार

चपला राहू द्या पायात. हा देवाचा पार नाही. इथे गावकी बसते, म्हणजे गावाची बैठक. मघाशी तुम्ही हसलात ते बघितलं मी. शाळेची कौलं बदलायचा साधा ठराव, सगळ्या गावाला हवा असलेला, आणि मी उठून म्हणते, "माझो इरोध आसा!" तुम्हाला वाटलं असणार, म्हातारी खडूस आहे. आहेच मी खडूस. पण खालच्या वाडीतल्या एका बाईने विरोध केल्याशिवाय आमच्याकडे कुठलाच ठराव पुढे सरकत नाही. आधी विरोध, मग बोलणं, मग निर्णय. बसा, सांगते. तुमची गाडी साडेचारची आहे, मला ठाऊक आहे.

पंचायत नवी नवी आली होती तेव्हाची ही गोष्ट, माझ्या आईने सांगितलेली. गावात मतदान होऊ द्यायचं नाही, यात म्हणे गावाची मोठी शान होती. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, या पारावर उभा राहायचा, एक नाव तीनदा पुकारायचा आणि दर वेळी विचारायचा, "कोणाचो इरोध?" कोणी ब्र काढला नाही की ते नाव पंचायतीवर गेलं. एकाने जरी "आसा" म्हटलं तरी नाव अडलं.

असं दोनदा गेलं ते भामाकाकीचं नाव. सत्यभामा घाडी, वरच्या वाडीतली, ऐन तारुण्यात विधवा झालेली. पहिल्यांदा म्हणे गावाने चेष्टेतच दिलं तिचं नाव. एक तरी बाई घ्या असं वरून कळवलं होतं, मग घेतली. पण तिने चेष्टा कसली राहू दिली! अडलेल्या बाईला डोलीत घालून सात मैलांवरच्या दवाखान्यात न्यायची, एक खांदा स्वतः द्यायची. मुलीला शाळेत पाठवा म्हणून लोकांच्या ओटीवर ठाण मांडून बसायची. कचेरीत साहेब भेटला नाही तर व्हरांड्यातच भाकरी सोडायची. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिने वरच्या वाडीपर्यंत आणलं. आमच्या खालच्या वाडीचा नळ कागदावर मंजूर झाला होता, पण तो प्रत्यक्षात यायचा तर काकी आणखी एकदा पंचायतीवर जायला हवी होती. तोवर आमच्या बायका तासभर चढून पाणी आणत होत्या.

तिसऱ्या वेळी वरच्या वाडीत कुजबुज सुरू झाली. आपल्या दारात पाणी आलं, आता बाईचं काय काम? हे काकीच्या कानावर आलं. ती आमच्या वाडीत घरोघर फिरली. बायकांना गावकीची सवय नाही, रागाच्या भरात काहीतरी बोलतील आणि आपलंच नाव अडवून बसतील, अशी तिला धास्ती. ती म्हणाली, "नाव पुकारतले तेव्हा एक अक्षर बोलू नकात. गप रवा. गप रवलात म्हणजे झाला माझा काम." बायकांनी शब्द दिला. आईने तर तिच्या हातावर हात मारून दिला.

गावकी भरली. गावकार उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या पुतण्याचं नाव पुकारलं. "विश्राम! कोणाचो इरोध?"

आमच्या बायका गप्प. शब्द दिला होता ना! त्यांना वाटलं, काकीचं नाव मागाहून येईल. काकीला स्वतःला बोलता येत नव्हतं, ज्याच्या जागेचा प्रश्न त्याने तोंड उघडायचं नाही अशी रीतच होती. ती मागे वळून बायकांकडे बघत राहिली. दुसरा पुकारा झाला. आई म्हणायची, तेव्हा आम्हाला कळलं होतं, ही काकीचीच जागा चालली. सगळ्यांना कळलं होतं. पण समोर नवरे, दीर, सासरे बसलेले. पहिलं तोंड कोणी उघडायचं? जी ती शेजारणीकडे बघत बसली. तेवढ्यात तिसरा पुकाराही झाला.

असं सांगतात की त्या वेळी झाडावरचे कावळेसुद्धा ओरडायचे थांबले. मला नाही पटत. कावळे ओरडले असतील, गप्प बसल्या त्या आमच्या बायका.

काकी उठली, विश्रामला नमस्कार केला आणि पार उतरली. बायका रडत मागे धावल्या. "काकी, तुझोच शब्द पाळलो गो!" ती थांबली. तिने शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, आई म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "तुमचा काय चुकला नाय. तुमका अक्षरा मीच शिकवलंय, डोली उचलूक मीच शिकवलंय, आणि वेळ इली तेव्हा गप बसूक पण मीच शिकवलंय."

नळाचा कागद कुठे गेला कोण जाणे. आमच्या वाडीत पाणी आलं ते एकोणीस वर्षांनी. तोवर काकी उरली नव्हती. तिच्या स्वतःच्या दारात नळ होता, तरी शेवटच्या आजारापर्यंत ती कळशी घेऊन आमच्या बायकांबरोबर डोंगर चढायची. तिच्या बाराव्याला वाडीतल्या सोळा जणी न बोलावता पारावर आल्या आणि एकेक उभी राहून म्हणाली, "माझो इरोध आसा." कशाला, कोणाला, हे कोणी विचारलं नाही. विश्राम तिथेच बसला होता, त्याने मान वर केली नाही.

तेव्हापासून ही रीत पडली. आजही या पारावर 'बिनविरोध' हा शब्द चालत नाही. आई चाळीस वर्षं पहिला विरोध करायला उभी राहिली, आता मी राहते. लोक म्हणतात, तुमच्या घराचा मान आहे हा. कसला मान घेऊन बसलात? आई जायच्या आधी मी तिला विचारलं होतं, दर वेळी हे म्हणताना तुझा आवाज का गं कापतो?

म्हणाली, "एकदाच म्हणूचा होता गो. तेव्हा म्हटलंय नाय, म्हणान जन्मभर म्हणीत रवलंय."