सायलेन्सरचा हार

सरपंच दादासाहेब निंबोरे यांच्या एसयूव्हीनं तीन लाख किलोमीटर कधीच ओलांडले होते. धुराचा व्हॉल्व्ह आणि फिल्टर तुंबायच्या आत साफ करून घ्या, असं सांगून मेकॅनिक दमला. दादासाहेबांचं एकच उत्तर, “गाडी पळतेय ना? मग तिचं पोट कशाला फाडायचं?”

ही गाडी रोज सकाळी अंगणवाडीच्या दारात गुरगुरत उभी राही. काळा धूर थेट आत शिरे आणि पोरं खोकून बेजार होत. सेविका कालिंदीबाई तक्रार घेऊन गेल्या की दादासाहेब म्हणत, “एवढ्याशा धुरानं काय होतंय?” ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

दसऱ्याला गावादेखत गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली गेली. कालिंदीबाई शेवंतीचा पांढराशुभ्र हार घेऊन आल्या आणि तडक मागे जाऊन त्यांनी तो सायलेन्सरच्या तोंडावर बांधला.

“बाई, हार पुढून घालतात,” दादासाहेब हसले.

“आमच्या वाट्याला वर्षभर हीच बाजू येते.”

लिंबं चिरडण्याआधी ड्रायव्हरनं जोरात रेस दिली. हार काळाठिक्कर पडला. बाईंनी तो सोडवून दादासाहेबांपुढे धरला.

“घ्या, पूजेचा हार आहे. गळ्यात घाला.”

दादासाहेब परीटघडीचा सदरा सावरत मागे सरले. “अहो, कपडे खराब होतील.”

“कपड्यांचं बरं कळतं तुम्हाला. ते निदान धुता तरी येतात. पोरांची फुप्फुसं मी कुठल्या दगडावर आपटू?”