मृगातला तेजोमेघ आणि गल्लीचा दिवा

“सर, हा दिवा इथे लावला तरी कोणी?”

“मी.”

श्रीरंगने कॅमेऱ्याची तिवई खाली ठेवली. ज्या खैरमोडे सरांनी त्याला आकाश दाखवलं, त्यांच्याच गच्चीच्या कठड्यावर हा फटफटीत पांढरा दिवा!

लडाखच्या, कच्छच्या काळोखात त्याने टिपलेल्या तेजोमेघांच्या फोटोंना बक्षिसं मिळाली होती. पण मनात घर करून बसला होता तो एकच... तीस वर्षांपूर्वी भोसरीतल्या याच गच्चीवर, सरांच्या दुर्बिणीतून पाहिलेला. मृग नक्षत्राच्या पोटातला धुरकट ठिपका. त्याचा फोटो काढायचा तर इथूनच, म्हणून जानेवारीतल्या त्या संध्याकाळी तो आला होता. शहराच्या उजेडाने आभाळ पार विटलं होतं. त्यावर त्याच्याकडे खास फिल्टरचा उपाय होता. या दिव्यावर नव्हता.

“तेव्हा खांबावरच्या एकुलत्या एका बल्बला तुम्ही गोणपाट बांधायचात, सर.”

“बांधायचो.”

“आणि आता...”

“आकाश बघून झालं की तुम्ही पोरं घरी कशी जायचात?”

श्रीरंगला आठवलं. पुढे बॅटरी घेतलेले सर, मागे आठ-दहा पोरं. नाल्याकाठची वाट, सरांचा तपकिरी मफलर, दारात वाट बघणारी आई...

“तुम्ही सोडायचात. एकेकाला, दारापर्यंत.”

सरांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

“खालच्या शिकवणीतल्या मुली साडेआठला सुटतात. वाट तीच आहे. मला आता जिना उतरवत नाही.”

श्रीरंग कॅमेरा तिवईवर बसवू लागला.

“फोटोला वेळ किती लागतो रे?”

“तीन तास. शेकडो फोटो घ्यायचे, मग एकावर एक रचायचे.” श्रीरंगच्या आवाजात अभिमान आला. “सगळं यंत्रच करतं, सर. तारा सरकला की कॅमेराही सरकतो. एकदा सुरू केलं की मला बोटसुद्धा लावावं लागत नाही.”

खाली शिकवणीचं दार उघडलं. सायकलींच्या घंट्या वाजल्या, हसणं ऐकू आलं.

सर भिंतीला धरून उठले आणि त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. गल्ली काळोखात बुडाली. वर हळूहळू मृगातला बाण दिसू लागला... तिन्ही तारे.

“आजोबा, दिवा गेला!” खालून एक मुलगी ओरडली.

सर श्रीरंगकडे वळले आणि त्यांनी आपली जुनी बॅटरी त्याच्यापुढे धरली.

“मग तुझं इथे काय काम?”