मुंग्यांचा पूल

फार पूर्वी एका काजूबागेत ओंबिलांना, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांना, कुणी थारा देईना. फक्त बांधावरच्या झाडाने त्यांना घर करू दिलं.

मग पालवीचा रस पिणारे किडे आले. पहिल्या वर्षी एक झाड करपलं, पुढच्या वर्षी ओळ, तिसऱ्या वर्षी अर्धी बाग. आता बांधावरच्या झाडाच्या शेजारचं झाड रडू लागलं.

"यानेच आपल्याला हाकललं होतं!" एक मुंगी म्हणाली.

"पण त्याची पालवी जळतेय ना," म्हणत म्हातारी मुंगी फांदीच्या टोकाला लोंबकळली. दुसरीने तिची कंबर धरली, तिसरीने दुसरीची. वाऱ्यात पूल हेलकावला, पण एकीचीही पकड सुटली नाही. त्यांच्या अंगावरून अख्खी फौज पलीकडे गेली आणि किड्यांवर तुटून पडली.

पूल तुटू नये म्हणून, एकेकाळी त्यांना हाकलणाऱ्या त्या झाडाने भर वाऱ्यातही आपली फांदी हलू दिली नाही.