चार सुळ्यांच्या हत्तीचा सौदा

पूर्वी गोदेकाठच्या शालिवट नगरात पद्मकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव नंदिसेन. आठ महिने तो बैलांचा तांडा घेऊन देशोदेशी हिंडे. पावसाचे चार महिने वाटा बंद होत, आणि मग सारे शालिवट एका खेळात बुडून जाई.

सभामंडपात मधोमध जाड घोंगड्यांचा पडदा टांगत. पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळाडू आपापल्या आडोशाला मातीचे नगर मांडत. फासे टाकावे, दान पडेल तशी भाजक्या मातीची घरे, बैल, नावा मिळवाव्या, दुसऱ्याच्या नगरावर चाल करून जावे, असा तो खेळ. पडद्याआड कोण बसले आहे हे विचारायचे नाही. ज्याला हवे तो खेळापुरते दुसरे नाव घेई. त्यामुळे बाहेर ज्याला कोणी ओळखत नसे, तोही तिथे राजा होई. शालिवटाची ही रीत मला फार आवडते.

अदलाबदलीसाठी पडद्याला एक झरोका होता आणि त्यात फिरती फळी. दोघांनी आपापली वस्तू दाखवायची, फडक्यात गुंडाळायची, फळीवर ठेवायची आणि ‘झाले’ म्हणायचे. ‘झाले’ म्हटल्यावर सौदा मोडत नसे. त्याआधी समोरच्याचे गाठोडे उघडून पाहणे म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकणे, असे शालिवटकर मानत.

एका वर्षी साऱ्या खेळात चार सुळ्यांचा मातीचा हत्ती एकच होता. लागोपाठ चार चातुर्मास ज्याचे नगर पडले नाही त्यालाच तो मिळे. तो होता पडद्यापलीकडच्या गजपतीपाशी. गजपती कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण ते नाव निघाले की भले भले खेळाडू सावरून बसत.

एके दिवशी नंदिसेनाचा मेहुणा सोमिल नाचतच घरी आला. नंदिसेन कामात असला की त्याच्या नगराकडून सोमिल खेळे. त्याच्या तळहातावर तो हत्ती होता.

“दाजी, ध्वज आपला! फाशाच्या दानानं गजपतीच्या नगरात पूर शिरला होता. सात नावांच्या बदल्यात हत्ती सोडला बिचाऱ्यानं.”

हत्ती ज्याच्या बाजूने त्याचा विजय ठरलेलाच, आणि जिंकणाऱ्याचा ध्वज वर्षभर वेशीवर फडकत असे. नंदिसेनाच्या घराण्याला तो तीन पिढ्यांत मिळाला नव्हता. त्याला आनंद झाला, खोटे कशाला सांगावे? पण पटाकडे पाहून तो म्हणाला, “सोमिला, आपल्या सातही नावा तर इथंच आहेत.”

“आहेत की! दाखवल्या नावा, गुंडाळली ढेकळं. तो ‘झाले’ म्हणाला. पंचांनीही सांगितलं, झालं ते झालं.”

“ही चोरी आहे.”

“चोरी कसली, दाजी? खेळ आहे हा! बाहेर मी कुणाचा तांदळाचा दाणा उचललेला नाही. पटावर तुम्ही सैन्य लपवता, हूल देता, ते चालतं. मग हे का नाही?”

“पटावर मी हूल देतो तेव्हा समोरचा हुलीची वाट बघतच बसलेला असतो. फळीपाशी आपण खेळ थांबवतो, सोमिला. तिथं दोन माणसं एकमेकांना शब्द देतात. माती खेळातली असेल, पण शब्द तुझ्या तोंडचा होता. आणि चार चातुर्मास त्या माणसाच्या आयुष्यातले गेलेत.”

नंदिसेन तडक सभामंडपात गेला. तिथे वेगळीच मौज चालली होती. नावा न आल्याने गजपतीचे अर्धे नगर बुडाले होते, आणि काल त्याला नमून असणारे आज ‘गजपती नव्हे, ढेकूळपती!’ म्हणून खिदळत होते. फसवणाऱ्याला कोणी हसत नव्हते. जग असेच असते; ज्याचे गेले त्यालाच अक्कल शिकवायला पुढे होते.

नंदिसेनाने कोणाला कळू न देता हत्ती झरोक्यातून पुढे केला. “गजपती, हा तुमचा आहे. घ्या.”

पलीकडून घोगरा आवाज आला. “असा गुपचूप? म्हणजे लोक म्हणणार, बावळटाला दया म्हणून मिळाला. हत्ती गेला त्याचं दुःख आहेच. पण माझं नाव गेलं. या पडद्याबाहेर मला नाव नाही, सार्थवाह. ते देता येत असेल तर द्या. नाहीतर हत्ती तुम्हालाच लखलाभ.”

नंदिसेनाला आपलीच लाज वाटली. आपण अर्धाच न्याय करायला निघालो होतो, हे त्याला कळले.

खेळाच्या अखेरच्या दिवशी राजा ध्वज द्यायला आला. पंचांनी नंदिसेनाचे नाव पुकारले तेव्हा तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. “हा विजय माझा नाही. माझ्या घरानं फळीवर ढेकळं ठेवली. गजपती फसला तो मूर्ख म्हणून नव्हे. शालिवटाच्या रीतीवर त्याचा विश्वास होता म्हणून. हसायचंच तर मला हसा.”

कोणी हसले नाही. फसवल्याची कबुली कोणी दिली तर त्याचे नगर मोडावे आणि सौदा उलटवावा असा नियम होता. पंच कचरले, तेव्हा नंदिसेनाने स्वतःच्या हाताने आपल्या नगराचा महादरवाजा मोडला. तीन पिढ्यांची आशा अशी मातीत गेली, आणि तरीही त्याची मान ताठ होती. सोमिलाला ते पाहवेना. तो झरोक्यापाशी गेला आणि रडत म्हणाला, “ती ढेकळं मी गुंडाळली. दाजींनी नाही.”

पंचांनी हत्ती परत दिला, बुडालेले नगर उभे केले आणि ध्वज गजपतीचा ठरवला. तेव्हा पडदा हलला. कोणी सांगितले नसताना पलीकडचा खेळाडू पडदा बाजूला सारून पुढे आला. कोपरापर्यंत पिठाने माखलेली, दुसऱ्यांच्या ओसरीवर दळण दळणारी रोहिका होती ती. आजवर तिला सगळे ‘ए दळणवाली’ म्हणत. त्या दिवशी अख्खी सभा ‘गजपती!’ म्हणून उठून उभी राहिली.

ध्वज खांद्यावर घेऊन ती नंदिसेनाला म्हणाली, “पुढच्या पावसाळ्यात नगर पुन्हा बांधा. मला लढत द्यायला कुणीतरी हवं ना!”

“बांधतो, बाई. पण जपून राहा. हत्तीवर माझा डोळा आहे.”

पुढे कितीतरी पावसाळे शालिवटात सौदे झाले. तरी गाठोडे उघडून पाहण्याची रीत तिथे कधी पडली नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, भिक्षूंना म्हणाले, “त्या वेळचा सोमिल म्हणजे आज आपली चूक कबूल करून मागच्या ओळीत मान खाली घालून बसलेला भिक्षू उपल. तो चुकतो, पण चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो. रोहिका म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी थेरी भद्रिका; तिची मान तेव्हाही ताठ होती. त्या वेळची सभा म्हणजे हा संघ. आणि नंदिसेन तो मीच. त्या जन्मी मी जे पाळले त्याला दान म्हणू नका. तिचेच तिला दिले, ते दान कसे होईल? ते सत्य होते.”