गार लागलेला कोपरा

बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी भागाताईनं कोल्ड स्टोरेजच्या छतावर चपला काढल्या, आणि तिथंच ही गोष्ट सुरू झाली.

एका गावात एक बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. मालक गुरुलिंग शेठ. छत सपाट, डांबरी, म्हातारं झालेलं. शेठना त्यावर फोम मारून घ्यायचा होता. हा गादीतला फोम नव्हे बरं का. हा मशीनच्या नळीतून पातळ निघतो, छतावर पडला की फुगतो आणि दगडासारखा बसतो. धग आत येऊ देत नाही, पाणी मुरू देत नाही.

ते काम करणाऱ्या भागाताई आणि तिच्या तीन मैत्रिणी. चौघींनी मिळून मशीन घेतलं होतं. दोन महिने ते नुसतं उभं होतं, कारण बायका छतावर चढून काय दिवे लावणार, असं लोकांना वाटे. हे काम मिळालं तर चार घरं सावरणार होती.

माघातलं ऊन, तरी डांबर चटके देत होतं. भागाताई अनवाणी चालू लागली. शेठ छत्री धरून मागं.

"ताई, नवस फेडताय की भाव सांगताय?"

"आधी बघू द्या शेठ. न बघता सांगितलेला भाव म्हणजे डोळे मिटून कापलेलं कापड."

"दुसऱ्यानं तर फोनवरच सांगितला. लांबी विचारली, रुंदी विचारली, झालं काम!"

भागाताई पुढं चालत राहिली. तिनं छतातून वर आलेले पाइप मोजले. अकरा. खोलगट जागा पाहिल्या. मग उत्तरेच्या कोपऱ्यात आली आणि थबकली. तिथं पायाला चटका बसेना.

शेठही चपला काढून उभे राहिले आणि खूश झाले. "बघा! हा कोपरा एकदम झकास आहे. गार आहे. इथं फोम नाही मारला तरी चालेल. तेवढे पैसे कमी करा."

"शेठ, गार लागतंय तिथंच दुखणं आहे. डांबराखाली पाणी मुरलंय, म्हणून इथं छत तापत नाही."

मग तिनं भाव सांगितला. तो फोनवाल्याच्या दीडपट होता. शेठची छत्रीच कलंडली.

"एवढा? काय सोन्याचा फोम आहे का?"

"ऐका तरी. ओला भाग कापून काढायचा, वाळवायचा. खोलगट जागी फोम जाड मारायचा, म्हणजे पाणी साचणार नाही. प्रत्येक पाइपाभोवती हातानं काम. आणि वरून उन्हापासून राखणारा लेप. कमी करायचं तर त्यालाही वाट आहे. अकरातले पाच पाइप बंद पडलेत. ते काढून टाका, आमचं तेवढं काम वाचेल, तुमचा तेवढा खर्च."

"पाइप काढतो. पण तो ओला कोपरा तसाच राहू द्या. वरून फोम बसला की कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलाय ना."

सोबत आलेल्या मैत्रिणीनं, अनसानं, तिचा पदर ओढला. कानाशी पुटपुटली, "अगं भागे, हो म्हण. हे काम गेलं तर मशीन विकावं लागेल."

भागाताईला ते ठाऊक नव्हतं असं नाही. रात्रंदिवस तिच्या जिवाला तोच घोर होता. पण ओल्यावर मारलेला फोम वर्षभरात फुगून सुटतो. मग खालच्या बेदाण्यावर पाणी पडतं आणि नाव बुडतं ते मारणाऱ्याचं. तिनं कमरेची सुरी काढली.

"शेठ, इथं वीतभर कापते. कोरडं निघालं तर अख्खं छत फोनवाल्याच्या भावात करून देईन."

"दिला शब्द?"

"दिला."

सुरी डांबरात शिरली. खाली जुना भुसभुशीत थर होता. वरून कोरडा ठणठणीत. शेठ हसले, "आता बोला!" अनसानं तर डोळेच मिटले.

 पण भागाताईनं हात आणखी खाली घातला, तळातला मूठभर थर उपसला आणि शेठसमोर दाबला. बोटांच्या फटींतून काळं पाणी टपटपा गळलं.

शेठनी त्या पाण्याला बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आता भाव वाढवणार का?"

"कशाला? हे पाणी धरूनच सांगितला होता."

काम आठ दिवस चाललं. छत पांढरंशुभ्र झालं. आणि गंमत अशी की, त्यानंतर जो पाहुणा येई त्याला शेठ आधी वर नेत आणि छाती फुगवून म्हणत, "हे भागाताईंचं काम. मी आयुष्यात एकदाच भाव केला नाही, तो इथं!" खाली चौघी मशीन धूत असल्या तर त्यांच्या माना आपोआप ताठ होत.

तात्पर्य: कामाचा भाव लांबी-रुंदीवर ठरत नाही, आतलं दुखणं किती आणि ते काढायला हात किती प्रामाणिक, यावर ठरतो. म्हणून जो आधी बघतो आणि मग बोलतो, त्यालाच काम द्यावं. तुमच्या ओळखीत कुणी छत करायला काढलं असेल, तर एवढं त्याच्या कानावर नक्की घाला.